एखादा माणूस खरा ख्रिस्ती आहे की नाही, हे दुसऱ्याला कळू शकतं का?

खात्रीने नाही, फार तर वागण्यावरून अंदाज बांधता येतो. बायबलचीच भूमिका तशी आहे: माणूस बाहेरचं पाहतो, देव हृदय पाहतो (१ शमुवेल १६:७). सगळ्यात बोलका दाखला यहूदा इस्कर्योताचा. येशूला पुढे शत्रूंच्या हाती धरून देणारा हा त्याच्या बारा शिष्यांपैकीच एक, आणि सगळ्यांच्या पैशाची थैली त्याच्याकडे. 'तुमच्यातलाच एक जण मला धरून देईल' असं येशू शेवटच्या भोजनाच्या वेळी म्हणाला, तेव्हा कोणी यहूदाकडे बोट दाखवलं नाही; जो तो 'प्रभू, मी तर नाही ना?' असंच विचारू लागला (मत्तय २६:२२). यहूदा उठून बाहेर गेला, तरी काहींना वाटलं सणाचं सामान आणायला गेला असेल (योहान १३:२९). रोज सोबत जेवणाऱ्यांची ही गत, तर रविवारी तासभर भेटणारे आपण काय निवाडा करणार! फळांवरून झाड ओळखा असं मत्तय ७ मध्ये आहे खरं, पण तो इशारा खोट्या संदेष्ट्यांबद्दलचा आहे. शिवाय त्याच अध्यायात, माझ्या नावाने चमत्कार करणाऱ्या पुष्कळांनाही मी ओळख देणार नाही, असं येशू सांगतो. गळ्यातल्या क्रुसाची तर गोष्टच सोडा.

मात्र मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद कोण, हे माणसं ठरवू शकतात: बाप्तिस्मा, विश्वासाची कबुली, उघड वर्तन. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला एका अनाचारी माणसाला बाहेर काढायला सांगितलं (१ करिंथ ५), तेही त्याचा आत्मा तरावा म्हणून.