थेटर मुलाच्या उंचीवरून काढ

चि.स अनेक आशीर्वाद.

लहानपणच्या आठवणीतल्या तुझ्या सिनेमा थेटराचं कच्चं रेखाटन पाहिलं. रेष पक्की आहे, पण हे थेटर मोठ्या माणसाने पाहिलेलं वाटतं. इमारत उरली नाही, म्हणून फोटोंचा आधार घेतलास हे कळतं. पण पणजीचं नॅशनल असो की म्हापशाचं अलंकार, असे फोटो बहुधा मोठ्यांनीच, रस्त्यापलीकडे उभं राहून काढलेले असतात.

आधी क्षितिजरेषा, म्हणजे बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीची रेषा, खाली आण. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे जमिनीपासून साधारण 105 सेंटीमीटरवर असतात. सपाट लॉबीतलं 210 सेंटीमीटरचं दार जवळ असो वा लांब, रेषा त्याच्या बरोबर मधोमध गेली पाहिजे. उभ्या माणसांच्या ती बेंबीपाशी येईल. तुझ्याकडे ती त्यांच्या डोळ्यांवरून जाते. तिकीटखिडकीचा ओटा 110 वर धरलास तर त्याचा वरचा भाग दिसणारच नाही. दिसेल फक्त कड, आणि नोट घेऊन आत जाणारे हात. आठवणीत खिडकी अवाढव्य असते ती यामुळे. तिलाच मापाबाहेर वाढवलंस तर व्यंगचित्र होईल.

पोस्टरवरचं नाव वाचता येऊ देऊ नकोस, बघणारा तिथेच अडकतो.

पडदा सरकलेल्या दारातून आतला प्रोजेक्टरचा झोत दाखवायची कल्पना झकास, पण रंगचाचणीत झोत फसलाय. अंधाराला नुसता आयव्हरी ब्लॅक लावलास, तो कापून चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी साधारण दोनास एक घे, पातळ थर दोन. ॲक्रिलिक वाळल्यावर गडद होतं, तेव्हा छटा ठरवायची ती वाळलेल्या चिटोऱ्यावर. अंधार पुरता सुकला की ताठ ब्रिसलच्या ब्रशावर कणभर टिटॅनियम व्हाइट घे, फडक्यावर जवळजवळ सगळा पुसून टाक आणि उरलेला झोताच्या दिशेने हलक्या हाताने घास. गडदावर पातळ पांढरा आपसूक निळसर दिसतो. तू वर आणखी निळा मिसळलास, म्हणून त्याची ट्यूबलाइट झाली! कडाही पट्टीने मारल्यासारख्या नकोत. झोत दिसायचा तो धुळीमुळे आणि विड्यांच्या धुरामुळे, आणि धूर काही सगळीकडे सारखा नसतो. मध्येच विरू दे. लॉबीतल्या बल्बचा उजेड यलो ओकर आणि किंचित बर्न्ट सिएनाने उबदार ठेव. हे दोन उजेड फक्त दाराच्या चौकटीवर भेटू देत.

काम पावसाळ्यात गेलं तर कॅनव्हास चिऱ्याच्या भिंतीला टेकवू नकोस, पाठीला बुरशी धरते. मागे दोन सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे लाव, हवा खेळली पाहिजे. प्लास्टिकमध्येही गुंडाळू नकोस. दमट हवेत ॲक्रिलिक चिकट राहतं, प्लास्टिक ओढलं की रंग सोलून निघतो. कुठे न्यायचंच झालं तर मध्ये केकवाले वापरतात तो सिलिकॉनचा कागद घाल.