विदर्भाच्या हवेत कस्टम इलेक्ट्रिक गिटारला नेक कोणता आणि फिनिश कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की गडचिरोलीकडे राहता आणि पहिल्यांदाच कस्टम इलेक्ट्रिक गिटार बनवून घेताय. बनवणारा विचारतोय की नेक, म्हणजे गिटारचा दांडा, बोल्ट-ऑन (बॉडीला स्क्रूने आवळलेला), सेट (चिकटवलेला) की नेक-थ्रू (बॉडीच्या मधून आरपार गेलेला), आणि फिनिश, म्हणजे वरचा लेप, नायट्रो (नायट्रोसेल्युलोज लॅकर), पीयू (पॉलियुरेथेन) की ऑइल. आणि कोणीतरी तुमच्या डोक्यात घातलंय की बोल्ट-ऑन म्हणजे स्वस्तातलं काम, त्यात सस्टेन मिळत नाही, म्हणजे सूर टिकत नाही.

या शेवटच्या वाक्यासाठीच लिहायला बसलो. बोल्ट-ऑन घ्या. आपल्या भागात राहून गिटार बाहेर वाजवायची असेल तर दुसरा विचारसुद्धा करू नका.

आधी सस्टेनचं मिटवतो. फेंडरची स्ट्रॅटोकास्टर गिटार १९५४ पासून स्क्रूंवरच उभी आहे. जिमी हेंड्रिक्स तीच वाजवायचा. डेव्हिड गिल्मोरची काळी स्ट्रॅट २०१९ मध्ये लिलावात जवळपास ४० लाख डॉलरला गेली, आणि त्या गिटारचा नेक त्याने अनेकदा बदलला होता. तिचा सूर टिकत नाही असं म्हणणारा मला अजून भेटायचाय. सूर टिकतो तो नेक बॉडीतल्या खाचेत घट्ट बसला असेल, नट आणि ब्रिज (तारांचे दोन टोकांचे टेकू) नीट असतील, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) एका पातळीत असतील तर. सैल खाचेतला बोल्ट-ऑन वाईट वाजतो हे खरं, पण सैल कुसू (खाचेत बसणारं लाकडाचं टोक) सरसाने चिकटवला तरी तोही वाईटच वाजतो.

मी वडसा-देसाईगंजकडचा. दिवाळी झाली की झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचा हंगाम लागतो. मंडईची जत्रा, शंकरपटाच्या बैलशर्यती यांच्या निमित्ताने गावोगाव रात्रभर प्रयोग होतात, आणि मी रंगमंचासमोर ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडच्या शेजारी बसून गिटार वाजवतो. उन्हाळ्यात लग्नांचे ऑर्केस्ट्रा. म्हणजे तीच गिटार डिसेंबरमध्ये पहाटेपर्यंत दवात असते, आणि मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा ४६-४७ वर असताना भर दुपारी पिकअप गाडीच्या मागे. घरी परत आणली की कूलर. बाहेर ओठ फुटतील इतकी कोरडी हवा, आणि कूलरच्या खोलीत भिंतीला हात लावला तर ओल लागते. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते असं सगळे सांगतात. आपल्याकडे बैठकीतून अंगणात येईपर्यंत हा आकडा कुठल्या कुठे जातो. पुण्या-मुंबईतले सल्ले वाचताना हे लक्षात ठेवा.

माझी पहिली चांगली गिटार सेट नेकची होती, जुनी घेतलेली. एका पावसाळ्यानंतर तिच्या नेकचा कोनच बदलला. तारा इतक्या वर गेल्या की बाराव्या फ्रेटच्या पुढे बोट दाबलं की सूर चढायचा. ब्रिज अगदी टेकेपर्यंत खाली घेतला, तरी फरक नाही. हे ट्रस रॉडने, म्हणजे नेकच्या आतल्या धातूच्या सळईने, जात नाही. रॉड नेकचा बाक सरळ करतो, नेक आणि बॉडीमधला कोन नाही. हे न कळणारे लोक रॉड पिळून पिळून तोडतात आणि मग लाकडाला शिव्या देतात. शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. तो म्हणाला, सांधा वाफेने सोडवावा लागेल, दिवाळीच्या आत देतो. अख्खा हंगाम गिटार त्याच्याकडे पडून राहिली. फोन केला की "होतेच आहे". परत मिळाली तेव्हा सांध्याभोवतीचं लॅकर फुगून पांढरं पडलं होतं आणि तारा होत्या तितक्याच वर. तो हंगाम मी मागून आणलेल्या गिटारवर काढला, आणि ज्या नाटक कंपनीत माझी जागा पक्की होती तिथे दुसरा गिटारवाला बसला. तेव्हापासून कोणी मला चिकटवलेल्या नेकचं कौतुक सांगायला लागला की माझं डोकं फिरतं.

घरी यावरून जो वाद पेटला तो अजून विझलेला नाही. माझे मोठेबाबा सुतार आहेत. खिळा-स्क्रू हे त्यांच्या लेखी हात न चालणाऱ्याचं काम. "खिरा मारून जोडते तो सुतार कायचा गा?" हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. त्यांचं म्हणणं, दोष सांध्याचा नव्हता, करणाऱ्याचा होता. कुसू नीट बसवला असता तर पिढ्यान्‌पिढ्या हलला नसता, आपल्या जुन्या घराची मयाल (छताची तुळई) पाहा.

माझं म्हणणं, मयालीला तारा नसतात. दहाच्या गेजच्या (जाडीच्या) सहा तारा मिळून नेकला साधारण ४५ किलोने ओढतात, रात्रंदिवस, एकाच बाजूने. आणि मोठेबाबांनी स्वतः जन्मभर बैलबंड्या बनवल्या. चाकाचा एक आरा मोडला तर ते आरा बदलतात, बंडी मोडीत काढत नाहीत. जू निघतं, पाचरी निघतात, सगळं उघडून पुन्हा बसवता येतं, कारण शेतात मोडलं तर शेतातच दुरुस्त व्हायला हवं. मग गिटारच्या नेकनेच काय पाप केलं?

नवीन गिटार आम्ही दोघांनी मिळून केली. बॉडी त्याच पडक्या घराच्या मयालीची. "सागवान हे गिटारचं लाकूड नाही" असंही तुम्हाला कोणी सांगेल. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान बल्लारपूरहून गेलं, ते काय उगाच? जुनं सागवान ओल-उन्हात फार कमी फुगतं-आखडतं, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. जड असतं, म्हणून आतून कोरून वजन उतरवावं लागतं. त्याच्या अंगात तेल असतं, तेव्हा दोन फळ्या चिकटवायच्या आधी कडा ॲसिटोनने पुसून लगेच ग्लू लावा, नाहीतर सांधा सुटतो. नेक मात्र मेपलचा बनवून घेतला, तीन पट्ट्या जोडलेला, वर शिसवीचा फ्रेटबोर्ड. नेकची खाच मोठेबाबांनी पटाशीने केली. इतकी नेमकी की एकही स्क्रू न लावता नेकला धरून अख्खी बॉडी उचलता आली. उचलून दाखवली आणि म्हणाले, "आता इस्क्रू कायले पायजे?"

त्याचं उत्तर पुढच्या पावसाळ्यानंतर मिळालं. तारा पुन्हा थोड्या उंच वाटायला लागल्या. या वेळी तारा ढिल्या केल्या, चार स्क्रू काढले, नेक हातात. मोठेबाबांनी सागवानाची चिपटी घेतली, खाचेच्याच मापाची, पडवीतल्या बाकावर ठेवली आणि रंधा फिरवायला लागले. एक टोक जेमतेम अर्धा मिलीमीटर, दुसरं टोक शून्यावर. प्रत्येक हातानंतर अंगठा आणि तर्जनीत धरून सरकवून बघायचे, चष्मा न लावता. जाड टोक ब्रिजच्या बाजूला ठेवून ती खाचेत घातली, नेक वर बसवला, स्क्रू आवळले. घरात चहा होईपर्यंत काम संपलं होतं, आणि तारा जिथे हव्यात तिथे आल्या. अशा उतरत्या पट्ट्या पाव, अर्धा, एक अंशाच्या तयार विकतही मिळतात. पूर्ण खाच भरणारीच घ्या, कागदाची घडी घालू नका, मधली जागा पोकळ राहते.

मोठेबाबा लगेच म्हणाले, "काम पाचरीनं केलं, इस्क्रूनं नाही." मी म्हणालो, पाचर घालायला सांधा उघडला म्हणून. यावर ते अजून काही बोललेले नाहीत, आणि मी हे इथे मुद्दाम लिहून ठेवतोय.

तेव्हा बनवणाऱ्याला सांगायचं ते असं. नेक तीन किंवा पाच पट्ट्यांचा, नाहीतर रोस्टेड मेपलचा. रोस्टेडमध्ये लाकूड कमी ऑक्सिजनमध्ये भाजतात, मग ते हवेतली ओल कमी पितं. एकाच फळीचा असेल तर टोकाकडून पाहिल्यावर उभ्या रेषा दिसतील असाच मागा, आडव्या रेषांच्या नेकला आपल्याकडे पीळ पडतो, आणि पीळ ट्रस रॉडने निघत नाही. रॉडचं नट नेक न काढता फिरवता आलं पाहिजे, हेडस्टॉककडे (नेकच्या टोकाला खुंट्या असतात तिकडे) किंवा फ्रेटबोर्डच्या शेवटी चाकासारखं. जुन्या पद्धतीत ते बॉडीच्या आत लपलेलं असतं. प्रयोगाच्या मध्यंतरात नेकचा बाक बदलला तर तुम्ही काय करणार? नट एका वेळी पाव फेराच फिरवा, मग थांबून बघा. लाकडात थेट स्क्रू मारण्यापेक्षा पितळी किंवा स्टीलच्या आट्यांची नळी बसवून त्यात बोल्ट घ्यायला सांगा, म्हणजे कितीदा उघडलं तरी भोकं झिजत नाहीत. हेडस्टॉक सरळ घ्या. मागे कललेला हेडस्टॉक, जसा गिबसनचा १७ अंशांचा असतो, गाडीतून पडला की मानेतच तुटतो. फ्रेटांची टोकं थोडी आत घेऊन गोल करायला सांगा, कारण मे महिन्यात फ्रेटबोर्ड रुंदीला आखडतो, फ्रेट आखडत नाहीत, आणि तळहात ओरखडतो.

फिनिशबद्दल मला कमी बोलायचंय. नेकच्या मागच्या बाजूला पातळ सॅटिन (मंद चमकेचं) पीयू, आणि विषय संपला. ग्लॉसवर घामाने हात अडकतो. नायट्रो म्हणजे आपले फर्निचरवाले ज्याला एनसी म्हणतात त्याच जातीचं. गरम-थंड झटक्याने त्याला बारीक चिरा जातात, पिवळं पडतं, स्टँडच्या रबराशी चिकटतं. ज्यांना तशी जुनी दिसणारी गिटार आवडते त्यांनी ते एसीच्या खोलीत ठेवावं. आणि फिनिश कुठलीही असो, हीलचं (नेकच्या बॉडीकडच्या बुडाचं) टोक, खाचेची आतली बाजू, स्क्रूची भोकं आणि रॉडची पोकळी यांनाही एक हात मारायला सांगा. ओल तिथूनच शिरते, आणि बनवणारे नेमकं तिथेच हात आखडतात. फिनिश ओल थांबवत नाही, तिचा वेग कमी करते, एवढंच तिचं काम.

मोठेबाबांना चपडा पॉलिश हवं होतं. आपल्या पळस-कुसुमावरची लाख सोडून डब्यातलं रसायन का, असं त्यांचं म्हणणं. बॉडीला चपडाच मारलाय, आणि सागवानाचा जो रंग उठलाय तो कुठल्याच पीयूने उठला नसता. पण उन्हाळी लग्नात घामाने चपडा मऊ पडून चिकट होतो, तेव्हा नेकला तो नाहीच. यावरही घरी वाद आहे.

काही गोष्टी माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध जातात, त्याही सांगतो. वरच्या फ्रेटपर्यंत हात सहज पोहोचायला नेक-थ्रू खरंच बरा, मध्ये हीलचा ठोकळा नसतो. तुम्ही फक्त घरात, एका खोलीत, बराच सोलो वाजवत असाल आणि पैसे असतील तर घ्या. पण त्याचा नेक बिघडला तर बदलायला काही उरत नाही, कारण तो बॉडीच्या मधूनच जातो. आणि तुटलेला हेडस्टॉक चांगल्या ग्लूने आणि शिकंज्याने नीट जोडला तर टिकतो. मोठेबाबांनी आमच्या एका बेसवाल्याचा जोडून दिलाय, तो अजून वाजतोय.

ऑइल नेकला हाताला सगळ्यात छान लागतं, पण ओल अडवण्यात सगळ्यात कमी, आणि दरवर्षी पुन्हा द्यावं लागतं. घरचं कच्चं जवसाचं तेल वापरू नका, ते आठवडे आठवडे वाळत नाही. वाळणारं उकळलेलं जवस तेल किंवा तयार फिनिशिंग ऑइल घेतलंत, तर पुसलेले फडके गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. वाळताना ते आपोआप तापतात आणि पेट घेतात, काडी लागत नाही. अंगणात एकेक फडकं पसरून वाळवा किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.