माळरानावर खड्डे नकोत, ओढ्याकाठी कागद हवा

गावातला निसर्ग सावरायचा आराखडा कसा करावा, यावर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : आमचं ४० एकर गायरान उजाड पडलं आहे. तरुण मंडळाने तिथे वड-पिंपळाची पाच हजार रोपं लावायचं ठरवलंय. खड्डे कधी घ्यावेत?

घेऊच नका. उजाड आहे हे ठरवलं कुणी? बहुतेक कुणीतरी एप्रिलमध्ये, मोटारसायकलवरून जाता जाता. भाद्रपदात एकदा तिथे जा आणि उकिडवे बसून हातभर जागा नीट बघा. शेडा, मारवेल, कुसळी अशी तीन-चार गवतं सहज सापडतील, मध्ये एखादं शेंगवर्गीय रोपटं. चंडोल जमिनीवरच घरटं करतो, तेही गवताच्या ठोंबाला टेकून. कमी पावसाच्या, वीतभर मुरमाच्या जमिनीत गवत तग धरतं; वडाला तिथे पाय रोवायला जागाच नसते.

हे मी शहाणपणाने नाही, चुकून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी अशाच एका माळावर आम्ही उत्साहाने चर खणले, रोपं लावली. तिसऱ्या उन्हाळ्यात रोपं वाळली. उकरलेल्या मातीवर गवत परतलं नाही, गाजरगवत मात्र माजलं. मेंढपाळांनी काय म्हणायचं ते म्हटलं, आणि ते बरोबर होतं.

त्यापेक्षा गायरानाचे तीन तुकडे करा. एक तुकडा पहिल्या पावसापासून दिवाळीपर्यंत चराईला बंद. गवताचं बी पडलं की विळ्याने कापून ज्याला हवं त्याने न्यावं. पुढच्या वर्षी दुसरा तुकडा. हिवरे बाजारची चराईबंदी टिकली त्यात गवत कापून न्यायची मुभा होती, याचा मोठा वाटा आहे. नुसती बंदी घातलीत तर रात्रीची चराई सुरू होईल. वड-पिंपळ जरूर लावा, पण पाणवठ्याजवळ, रस्त्याकडेला. पाच हजार नकोत, पंधरा लावा आणि जगवा.

प्रश्न : ओढ्याला लागून माझी साडेतीन एकर आहे. काठाची पट्टी झाडोऱ्याला सोडा, असं ग्रामपंचायत म्हणते. उद्या सरकारने ती वन म्हणून घेतली तर?

ही भीती हसण्यावारी नेणाऱ्यांनी जुने लोक गाठावेत. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ रोजी राज्यभरातली खाजगी वनं सरकारजमा झाली. कोकणात त्याची आठवण अजून घराघरात आहे. झाड वाढलं की जमीन जाते, हा समज तिथून आला.

आता तुमचं. गावाच्या लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या ओढ्याकाठची नोंद झाली म्हणून मालकी बदलत नाही. गावातल्या झाडाझुडपांची, जीवजंतूंची ती नोंदवही २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली गावाची समिती ठेवते. सातबारा बदलतो फेरफाराने, आणि या दोन वह्यांचा एकमेकींशी संबंध नाही. तरी तोंडी शब्दावर पट्टी सोडू नका. स्टॅम्प पेपरवर लिहून घ्या : किती मीटर रुंद, किती वर्षं, मालकी कुणाची, लाकूड-फळ कुणाचं, गुरं शिरली तर हाकलणार कोण. पहिला करार पाच वर्षांचाच करा. कायमचं म्हटलं की माणूस मागे सरतो. पाच वर्षं म्हटलं की निदान चहा तरी पितो. सही करण्याआधी मसुदा एखाद्या वकिलाला दाखवा.

आणखी एक. पुढे तोडायची इच्छा असेल तर काय लावता ते बघा. साग, खैर, ऐन, जांभूळ, हिरडा ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. स्वतःच्या बांधावरची असली तरी तोडायला परवानगी लागते. काठ धरून ठेवायला करंज, वाळुंज उत्तम.

प्रश्न : आराखड्याच्या बैठकीला तेच ते सात-आठ जण येतात. लोकांना आस्थाच नाही.

तुमच्या पत्रात बैठकीची वेळ आहे, संध्याकाळी सात. त्या वेळी बाया चुलीपाशी असतात. ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची तरतूद कायद्यातच आहे. सरपण कुठून येतं आणि कुठला झरा कधी आटतो, हे तिथे कळेल. मेंढ्या घेऊन फिरणाऱ्या धनगरांचं तर वेळापत्रकच वेगळं. दिवाळीनंतर घर सोडलेली माणसं २६ जानेवारीच्या ग्रामसभेला कशी येणार? त्यांना पावसाळ्यात गाठा, ते घरी असताना.

नकाशा भिंतीवर लावू नका, अंगणात राखेने काढा. चुकलं की कुणीही पायाने पुसतं, मग बोलतं. आणि निर्णय हात वर करून नको. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तिथली रीत सर्वसहमतीची. वेळ लागतो, पण ज्याची जमीन आहे तो हरल्यासारखा घरी जात नाही.

प्रश्न : देवराईला कुंपण घालून आत पेव्हर ब्लॉक बसवायला निधी मिळतोय. घ्यावा का?

नको. देवराईत पडलेलं लाकूड आणि कुजणारा पाला हेच तिचं भांडवल. फरशी घातलीत की बी रुजणार कुठे? निधी परत जाणार असेल तर जाऊ द्या. लोक देवराईत नव्या नव्या वाटा पाडत असतील तर मंदिराच्या दारापासून रस्त्यापर्यंत एकच पायवाट दगडांनी आखा, आणि घाणेरीची (टणटणीची) झुडपं दरवर्षी पावसाळ्यात मुळासकट उपटा. ते काम फुकट होतं, म्हणून त्याला कुणी निधी देत नाही.