पळसाची पाने मोजायला जाताना

नागपूर, जून

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुला तिसरीचा वर्ग मिळाला आणि आठवड्यातून दोन तासिका मुलांना बाहेर नेण्याची परवानगीही मिळाली, हे वाचून फार आनंद झाला. पत्रासोबत तू वर्षभराच्या ठिकाणांची यादी पाठवली आहेस: अंबाझरी, फुटाळा, महाराजबाग, सेमिनरी हिल्स, गोरेवाडा आणि आणखी सात-आठ. यातली बहुतेक ठिकाणे तू काढून टाकावीस आणि उरलेल्या दोन-तीन ठिकाणी पुन्हा पुन्हा जावेस, असे मला वाटते. हे पत्र मुख्यतः तेवढ्यासाठीच लिहीत आहे.

सहल वेगळी आणि परिसराचा अभ्यास वेगळा. सहलीत मुलांचे लक्ष बसमध्ये, डब्यात आणि शेजारी कोण बसणार यात असते, आणि त्या वयात ते तसेच असायला हवे. त्याच जागी चौथ्यांदा गेल्यावर मात्र जागेचे नवेपण संपते आणि मागच्या वेळेपेक्षा काय बदलले आहे ते मुलांना दिसू लागते. ज्याला आधीचे आठवते त्यालाच बदल दिसतो, म्हणून पहिले ठिकाण शाळेच्या फाटकाबाहेरचेसुद्धा नको, आवारातलेच असू दे. तुमच्या आवारात कडुनिंब आहे, असे तू लिहिलेस. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित राज्याच्या मागून, जूनच्या अखेरीस उघडतात, आणि त्या सुमारास झाडाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा असतो. पहिल्या आठवड्यात त्या फक्त वेचायला लाव. पाऊस लागला की त्यांतल्या काही तिथेच रुजतात, आणि पंधरा दिवसांनी त्याच जागी गेल्यावर रोपे कोणीही न दाखवता मुलांना सापडतात. पुढे हिवाळा सरताना तेच झाड पाने गाळते, पाडव्याच्या सुमारास त्याला तांबूस कोवळी पालवी असते, आणि मग बारीक पांढरा फुलोरा येतो. एका झाडाचे हे वर्ष ज्या मुलाने आपल्या वहीत तारखांसह उतरवले, त्याला ऋतू पाठ करावे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट माझ्याच चुकीतून शिकलेली आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी पहिल्या पावसानंतर मी वर्गाला मैदानावर नेले होते आणि प्रत्येकाच्या हातात प्रश्नांचा कागद दिला होता. एका मुलाने कागद खिशात घातला आणि मुठीतला लाल मखमली मिरगाचा किडा माझ्यासमोर धरून म्हणाला, "बाई, याले आठ पाय आहेत." मी त्याला सांगितले की कीटकाला सहाच पाय असतात, नीट मोज आणि कागद पूर्ण कर. त्याने पुन्हा मोजले नाही, किडा सोडून दिला आणि कागद पूर्ण केला. मोजणी त्याची बरोबर होती. मिरगाचा किडा नावाने किडा असला तरी तो कीटक नाही, कोळी आणि विंचू यांच्या कुळातला आहे, आणि पूर्ण वाढल्यावर त्याला आठच पाय असतात. मला हे समजायला आणि वर्गासमोर कबूल करायला महिना लागला, आणि तोवर त्या मुलाची त्यातली गोडी गेली होती. त्या दिवसापासून मी बाहेर प्रश्नांचा कागद नेला नाही. मूल काही घेऊन आले की त्याच्याबरोबर खाली बसायचे आणि त्याने मोजलेले आपणही मोजायचे, एवढे पथ्य मी पुढे सांभाळले. तूही सांभाळ.

नाव सांगण्याची घाई करू नकोस, हेही त्याच अनुभवातून सांगते. "हा कोतवाल" असे बाईंनी म्हटले की मुलांचे पाहणे तिथेच थांबते, कारण उत्तर मिळालेले असते. शेपटी कशी आहे, तो तारेवरून उडून पुन्हा त्याच जागी का येतो, हे बोलून झाल्यावर नाव दिले तर ते टिकते. घरी मुले ज्या नावाने एखादे झाड किंवा पाखरू ओळखतात ते नाव फळ्यावर आधी लिही, पुस्तकातले नंतर.

सेमिनरी हिल्सला जाशील तेव्हा पळसासाठी जा, आणि पहिल्यांदा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, झाड पानांनी भरलेले असताना जा. पळसाला पाने तीनच, ही म्हण मुलांनी आजी-आजोबांकडून ऐकलेली असते. ती खरी आहे का ते त्यांना स्वतः पाहू दे. प्रत्येक देठावर तीन मोजून मुले खूश होतील. मग कळी कुठे आहे ते शोधायला सांग. देठ जिथे फांदीला जुळतो तिथल्या बगलेत कळी सापडते, तिन्ही पानांच्या बुडाशी मात्र एकही सापडत नाही. कळी पूर्ण पानाच्या बगलेतच असते, म्हणून यावरून कळते की ही तीन पाने नसून एकाच पानाचे तीन भाग, म्हणजे पर्णिका आहेत. परत आल्यावर कडुनिंबाचे एक पान कुठून कुठपर्यंत, असे विचार. त्या दिवशी वर्गात वाद होईल. तो लवकर मिटवू नकोस.

नाग नदीबद्दल तू विचारलेस. मुले तिला नाला म्हणतात, कारण त्यांनी ती तशीच पाहिली आहे. काठावर नेऊ नकोस, पुलावरून दाखव आणि वर्गात नकाशावर बोट फिरवू दे: नागचे पाणी कन्हानला, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा वर्धेला मिळून प्राणहिता, आणि ती गोदावरीला. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून याच नदीचे पाणी वस्त्यांमध्ये शिरले, त्याच्या आठवणी घरोघरी आहेत. मुलांनी त्या घरून विचारून आणाव्यात. ज्या शहराला जिच्यावरून नाव मिळाले असे मानतात, ती नदी मुलांना पुस्तकाआधी घरच्यांच्या तोंडून कळलेली बरी.

सुरक्षिततेचे थोडक्यात. तीस मुलांमागे तुझ्याखेरीज आणखी एक मोठे माणूस हवेच. आदल्या दिवशी स्वतः जाऊन उंच झाडांवर आग्या मोहोळ नाही ना, ते पाहून ये. पावसाळ्यात उंच गवतात हात घालू देऊ नकोस. मार्चनंतर सकाळच्या शाळेची पहिली तासिका सोडून बाहेर जाऊ नकोस.

अभ्यासक्रम मागे पडेल, असे कोणी म्हटले तर पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडची आठवण दे. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेले बालशिक्षणाचे काम घेऊन ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ पुढे कोसबाडला गेल्या. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी शाळाच कुरणात नेली, आणि तिचे नावही कुरणशाळा ठेवले. तिथेही अक्षरे आणि अंक शिकवले जात होतेच. तुझ्या मुलांनी मोजलेल्या निंबोळ्या गणिताच्या तासाला बेरजेत येऊ देत, वहीतल्या नोंदी मराठीच्या तासाला वाचल्या जाऊ देत.

फेब्रुवारीत पळस फुलेल तेव्हा त्याच झाडांकडे पुन्हा जा. झाड तेव्हा बहुतेक निष्पर्ण असेल. मुलांना अर्धा तास दूर बसवून फुलांवर कोण कोण येते ते पाहू दे. साळुंकी, बुलबुल, सूर्यपक्षी यांपैकी कोणी ना कोणी येईलच. शेजारशेजारचे दोन पळस आत्ताच निवडून ठेव, दोघांच्या पहिल्या फुलाची तारीख मुलांकडून लिहून घे आणि मला कळव.

तुझी,
बाई