पहिली नॅचरल बॉडीबिल्डिंग स्पर्धा आहे. पाणी किती तास आधी बंद करू आणि कार्ब्स किती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की वजन ७० किलो आहे, स्पर्धा बारा दिवसांवर आलीय, कोचनी सांगितलंय बुधवारपासून मीठ बंद, शनिवारी दुपारपासून पाणी बंद आणि गुरुवार ते शनिवार 'जाईल तेवढा' भात. तुमचा प्रश्न एवढाच की पाणी १६ तास आधी सोडू की २४.

वाचून माझी जीभ टाळूला चिकटली. हेच वेळापत्रक, अगदी वारांसकट, मी पाळलेलं आहे. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं जिममध्ये माझं नाव 'दोन घोट' होतं. का ते सांगतो, उत्तर त्यातच येईल. घाई असेल तर एवढंच वाचा: पाणी बंद करू नका. सोळा तासही नको आणि चोवीसही नको.

माझी स्पर्धा रविवारी होती. सोमवार ते बुधवार दिवसाला ५० ग्रॅमच्या आत कार्ब्स (भात-बटाट्यातली कर्बोदकं) आणि ८ लिटर पाणी. बुधवारपासून मीठ नाही. शुक्रवारी पाणी २ लिटरवर आणलं, शनिवारी दुपारपर्यंत अर्धा लिटर आणि मग काहीच नाही. भात मात्र चालू. शनिवारी संध्याकाळचा तो भात अजून आठवतो. बिनमिठाचा, कोरडा, घास तोंडात फिरतोय आणि गिळायला लाळ नाही. एक वाटी संपवायला पाऊण तास लागला. रात्री अडीचला उठलो, ओठ फुटलेले, चूळ भरली आणि थुंकायच्या ऐवजी दोन घोट गिळले. चुकून गिळले असं मी नंतर सांगत असे, पण चुकून नव्हतं.

सकाळी वजन ६७.९ भरलं. गुरुवारी ७१.२ होतं. तीन दिवस पोट फुटेस्तोवर भात खाऊन वजन ३.३ किलोने उतरलं आणि मी आणि माझे कोच, म्हणजे सर, दोघंही खूश! एवढं खाऊन वजन उतरतंय म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलंय, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

बॅकस्टेजला रबरी बँड घेऊन पंप करायला, म्हणजे ओढून ओढून स्नायूत रक्त भरायला लागलो. चाळीस रेप्स मारल्या तरी दंडात काही भरेना. एरवी तिसऱ्या सेटला कोपराच्या आतली शीर दोरीसारखी वर यायची, ती त्या दिवशी शोधावी लागत होती. छाती बसलेली, गाल बसलेले. लाइनअपमध्ये साइड चेस्टच्या पोझला टाच उचलली आणि पोटरीत गोळा आला. जज 'होल्ड' म्हणतायत, मी दात दाखवून हसतोय आणि खाली पोटरी कोणीतरी पिळून काढतंय. त्या दिवशी माझ्या अंगावर एकच गोष्ट अव्वल होती, ती म्हणजे टॅन, स्टेजसाठी अंगाला लावलेला गडद रंग. घामच आला नाही, त्यामुळे एक ओघळ नाही. तेरा जणांत अकरावा आलो.

खाली उतरलो तर सरांनी माझ्या कमरेच्या मागे बोट टेकवलं. "इथे पाणी दिसतंय. प्यायलास ना?" मी खरं सांगितलं. संपलं. निकालाचं कारण सापडलं. वर्षाची मेहनत दोन घोटांत घालवणारा मुलगा, ही गोष्ट मग प्रत्येक नव्या पोराला सांगितली जायची, मी शेजारच्या बेंचवर असताना.

तर हिशोब. दोन घोट म्हणजे फार तर ६० मिली. ६८ किलोच्या, चरबी उतरवलेल्या पुरुषाच्या अंगात पाणी चाळीस लिटरच्या वर असतं. म्हणजे हजारात दीड भाग. एवढ्याने जर कोणाचे कट्स (स्नायूंमधल्या रेषा) झाकले जात असतील तर त्याने आवंढासुद्धा जपून गिळावा.

आणि पाणी सोडल्यावर ते जातं कुठून? सरांच्या मते फक्त कातडीखालून. शरीराला असा नळ नाही. अंगातल्या पाण्यापैकी साधारण दोन तृतीयांश पेशींच्या आत असतं आणि उरलेलं बाहेर, ज्यात रक्तातलं पाणीही आलं. पिणं थांबवलं की ओढ सगळीकडून लागते. स्नायू स्वतः पाऊणएक हिस्सा पाणीच आहे, तोही सुकतो. रक्तातलं पाणी कमी झालं की पंप येत नाही, शिरा वर येत नाहीत. म्हणजे ज्या दोन गोष्टींसाठी आपण बँड ओढत बसतो, त्याच आपण आदल्या दिवशी बंद करून आलेलो असतो. त्यावर मीठ तोडलं की शरीर आणखी कंजूष होतं. अल्डोस्टेरॉन नावाचं हॉर्मोन वाढतं, मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं. शिवाय ग्लुकोज आतड्यातून आत शिरतं ते सोडियमच्या जोडीने. बिनमिठाचा भात माझ्या पोटात दगडासारखा बसला होता तो उगाच नाही.

सगळ्यात मोठा विनोद कार्ब्सचा. खाल्लेले कार्ब्स स्नायूत ग्लायकोजेन म्हणून साठतात, आणि असं एक ग्रॅम ग्लायकोजेन साठायला सोबत साधारण तीन ग्रॅम पाणी लागतं. तुम्ही ४०० ग्रॅम भरायला निघालात तर १.२ लिटर पाणी स्नायूच्या आत जायला हवं. आणि नेमक्या त्याच वेळी नळ बंद. तांदूळ चुलीवर चढवायचा, पाणी घालायचं नाही आणि मग फुलला नाही म्हणून तांदळाला शिव्या द्यायच्या. मी फ्लॅट, म्हणजे सपाट दिसलो तो यामुळे.

कार्ब्स भरणं ही गोष्ट खोटी नाही बरं का. १९६६ साली बर्गस्ट्रॉम आणि हल्टमन या दोन स्वीडिश संशोधकांनी स्वतःवरच प्रयोग केला. एकाच सायकलच्या दोन बाजूंना बसून दोघांनी एकेका पायाने पेडल मारलं, दमेपर्यंत, आणि मग तीन दिवस भरपूर कार्ब्स खाल्ले. दमवलेल्या पायातलं ग्लायकोजेन आराम केलेल्या पायाच्या दुप्पट झालं. अंग तेच, रक्त तेच, जेवण तेच, पण माल शिरला तो ज्या पायाने काम केलं त्यातच. म्हणून आठवड्याच्या सुरुवातीला हलक्या वजनाने, जास्त रेप्सचं पूर्ण अंगाचं वर्कआउट ठेवतात. पायांचं वर्कआउट मंगळवारच्या पुढे नेऊ नका, स्टेजवर दुखरे पाय आखडता येत नाहीत.

पण ग्लायकोजेन भरलं म्हणजे टेपवर दंड वाढेलच असंही नाही. १९९२ च्या एका अभ्यासात बॉडीबिल्डरांना कार्ब लोड देऊन घेर मोजले, काही फरक मिळाला नाही. नंतरच्या काळात अल्ट्रासाउंडने स्नायूची जाडी मोजली तेव्हा फरक दिसला, सोबत पोटाच्या तक्रारीही. माझा अनुभव दोन्हीच्या मधला. फरक पडतो, पण तो शेवटचा हात फिरवल्याएवढा.

मग माझ्या कमरेच्या मागे सरांनी जिथे बोट टेकवलं तिथे काय होतं? चरबी! अंगठ्याने दाबून बघा. खड्डा पडून राहिला तर ते साचलेलं पाणी. चिमटीत घडी येते? ती चरबी, आणि ती शनिवारी दुपारी बाटली लपवून जात नाही. माझं डाएट किमान पाच आठवडे लवकर सुरू व्हायला हवं होतं. हे मला स्पर्धेआधी कोणी सांगितलं नाही आणि स्पर्धेनंतर सांगायची गरज उरली नाही, कारण दोन घोट होते ना.

ही पद्धत आली कुठून तेही माहीत असू द्या. जे स्टिरॉइडसारखी औषधं घेतात, त्यांच्या काही औषधांनी अंगात पाणी साठतं, आणि ते उतरवायला पाण्याच्या गोळ्या. त्याचा शेवट कुठे होतो हे १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा या बॉडीबिल्डरच्या बाबतीत जगाने बघितलं. हॉलंडमधली स्पर्धा संपल्यावर काही तासांत माणूस गेला. आपण नॅचरल, म्हणजे औषधं घेत नाही, ते पाणी आपल्या अंगात नसतंच, पण वेळापत्रक मात्र जसंच्या तसं उचललंय. आणि कोणी हळूच गोळी पुढे केली तर लक्षात ठेवा, डाययुरेटिक, म्हणजे याच पाण्याच्या गोळ्या, वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहेत, नॅचरल स्पर्धेत लघवीच्या चाचणीत सापडलं तर बाद. कुस्ती-बॉक्सिंगवाले पाणी तोडतात हा दाखलाही देऊ नका. त्यांना काट्यावर वजन दाखवायचं असतं, आणि मग लढतीआधी ते पाणी परत भरायला वेळ असतो. आपल्याला काट्यावर नाही, दिव्याखाली उभं राहायचंय.

दुसरी स्पर्धा मी पावणेदोन वर्षांनी केली, दुसऱ्या जिममधून. तीन आठवडे आधी रंगीत तालीम केली. किलोमागे ८ ग्रॅमने कार्ब्स घेतले तर दुसऱ्या दिवशी पोट नगाऱ्यासारखं आणि पोटावरच्या रेषा धूसर. ६ ग्रॅमला जमलं. मग स्पर्धेच्या आठवड्यात गुरुवार-शुक्रवार दिवसाला ४२० ग्रॅम, शनिवारी आरशात बघून ३००. भात, बटाटा, सकाळी थोडा मध. चोथा असलेल्या भाज्या शेवटचे दोन दिवस कमी, नाहीतर पोट दिसतं. मीठ रोजचंच. पाणी रोजचं ४ लिटर, रविवारी सकाळी उठल्यावर अर्धा लिटर, पुढे घोट घोट. क्रिएटिन हे सप्लिमेंटही चालू ठेवलं. ते पाणी पेशीच्या आत ओढतं, ते बंद करायला सांगणाऱ्याला कारण विचारून बघा. स्टेजवर जायच्या वीस मिनिटं आधी बँड हातात घेतला आणि दुसऱ्याच सेटला ती शीर आपसूक वर आली. बारा जणांत चौथा.

जुने सर त्या दिवशी त्यांच्या पोरांना घेऊन आले होते. मला बघून जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, पोरांकडे वळून म्हणाले, "बघा रे, यावेळी पाणी नीट सोडलंय याने." माझी बाटली बॅगेच्या मागे होती, अर्धी रिकामी. मी "हो सर" म्हणालो. का म्हणालो देव जाणे. त्यातला एक पोरगा भिंतीला टेकून बसला होता, ओठ पांढरे पडलेले. हे उत्तर खरं तर त्याला द्यायचं राहिलं होतं.

खरं सांगायचं तर चौथा नंबर पाण्यामुळे आला असं मी छातीठोक सांगणार नाही. डाएट सहा आठवडे लवकर सुरू केलं होतं, पाय सुधारले होते, पोझिंग रोज केलं होतं. आणि पाणी तोडून जिंकणारेही आहेत, मी स्वतः बघितलेत. ते मुळात एवढे कोरून काढलेले असतात की थोडे सुकले तरी पुढेच राहतात.

तुमच्या हातात बारा दिवस आहेत. येत्या शनिवारी एक दिवस तालीम करा, किलोमागे ५ ते ६ ग्रॅम, म्हणजे तुमच्या वजनाला ३५० ते ४२०. शनिवारी सकाळी आणि रविवारी सकाळी त्याच उजेडात, त्याच जागी फोटो काढा. फुगलेलं दिसलात तर खाली या, सपाट दिसलात तर थोडं वर. तालीम झालीच नाही तर कमी बाजूला राहा. थोडं कमी भरलेलं असेल तर रविवारी सकाळी भात-मधाने सावरता येतं, जास्त झालेलं त्याच दिवशी उतरवता येत नाही. कोचना काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा, मला तेव्हा जमलं नव्हतं.

बीपी, मूत्रपिंड किंवा शुगरचं काही असेल तर यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, हे आधी लिहायला हवं होतं. आणि ८ लिटर पाणी अधिक शून्य मीठ हे मी केलेलं जोडपं तर कोणीच करू नका, रक्तातलं सोडियम खाली जातं आणि माणूस बडबडायला लागतो, फेफरंही येऊ शकतं. पाळी असलेल्या मुलींना वजनाचे आकडे वेगळे दिसतील, त्यांनी माझे आकडे उचलू नयेत.

आणि पाणी चालू ठेवणार असाल तर एक अडचण येणारच. लघवी बसून करा, उभ्याने केलीत तर मांडीवरचा टॅन गेला. पेपर कप घेऊन जाणारेही आहेत, हसू नका, दुसऱ्या वेळी मीही नेला होता.