मोबाइलवरची सूट कूपन कोडमध्ये नसते

ताई, तुम्ही २४,००० चा फोन पक्का केलाय आणि कूपनच्या साइटवरचा एकही कोड लागत नाही, असं लिहिलंय. ते लागणारही नाहीत. तिथले बहुतेक कोड कपडे, किराणा किंवा पहिल्या ऑर्डरसाठी असतात, मोबाइल अटींमध्येच वगळलेले असतात. मोबाइलच्या विक्रीत विकणाऱ्याला नफा थोडा. सूट देते ती फोन बनवणारी कंपनी किंवा बँक. अपवाद एकच: अ‍ॅमेझॉनवर काही मॉडेल्सच्या किमतीखाली कूपनची चौकट दिसते. तिथे टिक केली तरच पैसे कमी होतात.

तेव्हा आधी घरात कोणाकडे कुठल्या बँकेचं क्रेडिट कार्ड आहे ते विचारा. आणि ऑफरच्या अटी उघडून वाचाच. 'दहा टक्के, कमाल १,५००' असेल तर तुमच्या फोनवर २,४०० नाही, १,५०० सुटतील. किमान रकमेची अटही असते, आणि जुना फोन एक्सचेंजला देणारे तिथेच अडकतात. जुन्याचे ६,००० वजा झाले की कार्डावर १८,००० उरतात. किमान रक्कम २०,००० असेल तर बँकेची सूट गेली. म्हणून शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकदा एक्सचेंज लावून आणि एकदा न लावता रक्कम बघा. जुना फोन ओळखीच्या दुकानात वेगळा विकणं कधीकधी जास्त परवडतं. एक्सचेंज केलंच तर न्यायला येणारा माणूस दारात फोन तपासतो. त्याआधी डेटा काढून घ्या आणि गूगल किंवा अ‍ॅपल अकाउंटमधून लॉगआउट करा, नाहीतर तो फोन घेणार नाही.

नो कॉस्ट ईएमआय, म्हणजे बिनव्याजी म्हणून सांगितलेल्या हप्त्यांबद्दल विचारलंय. बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा केलेली असते. ४,००० चे सहा हप्ते आणि व्याजदर १६ टक्के धरला तर व्याज साधारण १,०८० होतं. त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९५ च्या आसपास, तुमच्या खिशातून जातो. प्रोसेसिंग फी १९९ असेल तर करासह २३५. म्हणजे जवळपास ४३० रुपये जास्त. पैसे हाताशी असतील तर माझं स्पष्ट मत: एकरकमी भरा. मात्र काही ऑफरमध्ये बँकेची सूट ईएमआयवरच जास्त असते, तेव्हा हे ४३० वजा करून बघायचं.

घाई नसेल तर थांबा. नवरात्रीच्या सुमारास फ्लिपकार्टचा बिग बिलियन डेज आणि अ‍ॅमेझॉनचा ग्रेट इंडियन फेस्टिव्हल हे मोठे सेल येतात, तेव्हा बँकांच्या ऑफर एकदम येतात. तिथे 'एमआरपीवर ४० टक्के सूट' बघून भुलू नका. फोन एमआरपीला एरवीही कोणी विकत नाही. आजची किंमत लिहून ठेवा आणि तिच्याशीच ताडून बघा. आयफोन घेणाऱ्यांसाठी सप्टेंबर महत्त्वाचा. आयफोन १६ भारतात ७९,९०० ला आला होता, सप्टेंबर २०२५ मध्ये पुढचा आल्यावर तो ६९,९०० झाला.

गावातल्या दुकानातही जरूर विचारा. कार्ड स्वाइप केल्यावर मिळणाऱ्या कंपनीच्या ऑफर तिथेही असतात, आणि ऑनलाइनची किंमत दाखवली तर बरेच दुकानदार थोडं खाली येतात. नाहीच आले तर टेम्पर्ड ग्लास, कव्हर तरी देतात. पण 'बिल नको असेल तर हजार कमी' म्हणाले तर सरळ निघून या. बिलावर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक) हवाच, वॉरंटीला तो लागतो. फोनवर *#०६# दाबून तो जुळवा, मग केवायएम लिहून (इंग्रजी अक्षरांत), जागा सोडून तो नंबर १४४२२ वर एसएमएस करा. फोन कुठल्या कंपनीचा, कुठलं मॉडेल, ते उत्तरात येतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या 'अर्ध्या किमतीत फोन'च्या लिंकवर कार्डाचा नंबर टाकू नका. टाकलाच गेला असेल आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त.