बाटलीतला प्राणी ‘नवा’ कधी ठरतो?

प्रश्न : खोल समुद्रातल्या ॲसिडियनची (तळाला चिकटून राहणाऱ्या पिशवीसारख्या प्राण्याची) नवी जात जाहीर झाल्याचं वाचलं. नमुना म्हणे कित्येक वर्षांपूर्वीच जाळ्यात आला होता. मग एवढा उशीर का? फोटो किंवा डीएनएवरून लगेच सांगता येत नाही का? आणि शोधणाऱ्याला आपल्या गावाचं नाव देता येतं का?
– बीएस्सीची एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : हर्डमानिया ही ॲसिडियन तुला प्रॅक्टिकलला भेटली असेलच. स्पिक्युलची (शरीरातल्या बारीक काट्यांची) स्लाइड करायची, मार्क घ्यायचे आणि विसरायचं, ही बेळगावातल्या कॉलेजांतली माझ्या विद्यार्थ्यांचीही रीत होती. तुझं उत्तर त्याच ट्रेमध्ये आहे.

ॲसिडियन बाहेरून ओळखायला गेलं की फसगत ठरलेली. एक पिशवी, पाणी आत घ्यायला एक तोंड, सोडायला दुसरं. रंग फॉर्मलिनमध्ये उडतो. उथळ पाण्यातल्या जिवंत प्राण्याला मेंथॉलने गुंगवता येतं, म्हणजे तो सैल राहतो. खोलातून वर येणारा बहुधा आक्रसलेला, कधी फाटलेला, आणि बरेचदा एकच. मग ओल्या काजूचा गर सालातून सोडवावा तसा तो आवरणातून सोडवायचा (या आवरणात सेल्युलोज असतं, प्राणी असून!). एका बाजूने उघडायचा, रंगवायचा आणि मायक्रोस्कोपखाली मोजत बसायचं. तोंडाशी संस्पर्शक (बारीक शुंडा) किती, क्लोमकोशाला (पाणी गाळणाऱ्या पिशवीला) घड्या किती, आतड्याचा वळसा कसा, जननग्रंथी एका अंगाला की दोन्ही. कात्री भलतीकडे गेली तर दुसरा नमुना कुठून आणणार?

त्यात खोल पाण्यातल्यांच्या तऱ्हा निराळ्या. तिथे अन्नाचा दुष्काळ. कुलिओलस नावाचा ॲसिडियन लांब देठावर चिखलाच्या वर उभा राहतो, आणि तू पाठ केलेली स्टिग्मा (क्लोमकोशातली बारीक छिद्रं) त्याला नसतातच, नुसती मोठ्या छिद्रांची जाळी. कॅलिफोर्नियाच्या माँटेरे कॅन्यनमधला मेगॅलोडिकोपिया तर पाणी गाळत बसत नाही, ओठ मिटून बारीक प्राणी पकडतो.

एवढं करून अर्धंच काम होतं. हा आधी कुणी वर्णन केलेला नाही, हे दाखवायचं उरतं. चॅलेंजर या ब्रिटिश संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जमवलेले ॲसिडियन विल्यम हर्डमन यांनी अभ्यासले. १८८२ साली निघालेला त्यांच्या अहवालाचा पहिला भाग आजही चाळावा लागतो. तुझी हर्डमानिया त्यांच्याच नावाची. चित्रावरून भागलं नाही तर संग्रहालयातला मूळ नमुना बघायचा. हे काम येणारी माणसं जगात मोजकी, म्हणून बाटल्या कपाटात थांबतात. माझ्या मते उशिराचं खरं कारण हेच.

डीएनए मदतीला येतो, पण फॉर्मलिनमध्ये तो खराब होतो. त्यासाठी एक तुकडा आधीच अल्कोहोलमध्ये ठेवावा लागतो. शिवाय जुन्या जातींचा डीएनएच हाती नसेल तर जुळवायचं कशाशी? फोटो वाट दाखवतो, इतकंच. जपानच्या कुमे बेटाजवळचा, सांगाड्यासारखा दिसणारा ॲसिडियन क्लॅव्हेलिना ओसिपांडे डायव्हरांच्या फोटोंतून आधीच गाजला होता. त्याचं रीतसर वर्णन २०२४ साली झालं, तेही नमुने तपासल्यावरच.

आता नाव. गावाचं, नदीचं नाव जरूर देता येतं. चोर्ला भागातल्या एका देवगांडुळाला (बिनपायांच्या उभयचराला) २००७ साली म्हादई नदीवरून नाव मिळालं. समुद्रातल्या प्राण्याला खानापूरचं दिलंस तर नियम आड येणार नाही, लोक मात्र तो मलप्रभेत शोधत बसतील. स्वतःचं नाव देणंही नियमाने निषिद्ध नाही. तसं करणाऱ्याला हसतात, बस्स. स्पेलिंग तेवढं जपून ठरव. गावाचं नाव बदललं म्हणून प्राण्याचं बदलत नाही, आणि आपल्या बेळगावचं सरकारी नाव २०१४ साली कसं बदललं हे तुला ठाऊक आहेच.